उच्च क्षमतेचा डेस्कटॉप जुळवताना : विदर्भातील वीज, ऊन आणि धूळ यांचा हिशेब धरून घटकांची निवड

यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली अशा जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावीही आता लग्नाचे चित्रीकरण फोर-केमध्ये होते, ड्रोनच्या छायाचित्रांवरून शेतीचे नकाशे तयार होतात आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी घरी बसून त्रिमितीय आराखडे करतात. या कामांना साधा संगणक पुरत नाही, म्हणून दीड-दोन लाखांपासून चार-पाच लाखांपर्यंत खर्च करून स्वतःच्या निवडीचा डेस्कटॉप जुळवण्याकडे अनेकांचा कल दिसतो. मात्र घटक निवडण्याविषयीचे बहुतेक सल्ले वातानुकूलित खोली, स्थिर वीज आणि जवळचे सेवा केंद्र या तीन गोष्टी गृहीत धरून दिलेले असतात, आणि आपल्या गावांत या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच मिळतात. म्हणून या लेखात निवडीचा क्रम मुद्दाम बदलला आहे. काम ठरले की आधी भिंतीवरचा सॉकेट आणि मे महिन्यातली खोली तपासायची, आणि ग्राफिक्स कार्डाकडे त्यानंतर वळायचे.

पहिली पायरी : काम नेमके ठरवणे

कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या कॅमेऱ्याच्या फाइल्स आणि दिवसाचे किती तास, हे कागदावर लिहून काढावे. चित्रफीत संपादनाचेच उदाहरण घेऊ. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावर फार अवलंबून असते, त्यामुळे तिथे प्रोसेसरपेक्षा कार्डावर जास्त पैसा लावणे योग्य ठरते. परंतु फाइल्स १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी प्रकारच्या (रंगांची जास्त माहिती आवळून साठवणाऱ्या) असतील, आणि आजचे अनेक मिररलेस कॅमेरे तशाच फाइल्स देतात, तर त्या उलगडण्याची सोय हार्डवेअरमध्ये आहे की नाही हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होतो. इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्समध्ये ही सोय आहे, ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने ती आरटीएक्स ५० मालिकेत आणली, त्याआधीच्या ४० मालिकेत ती नव्हती. म्हणजे जुने पण महागडे आरटीएक्स ४०९० घेऊन शेजारी एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसर बसवला, तर त्याच टाइमलाइनवर अडखळत काम करावे लागेल, आणि त्याहून निम्म्या किमतीचे नवे कार्ड ते सहज पेलेल.

केवळ गेम खेळायचे असतील तर हिशेब वेगळा. तिथे आठ कोअरचा (गणना करणाऱ्या भागांचा), मोठ्या कॅशचा (चिपमधल्या जलद स्मृतीचा) प्रोसेसर पुरतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल्स घरच्या यंत्रावर चालवायची असतील तर कार्डावरची स्मृती, म्हणजे व्हीरॅम, हाच मुख्य निकष असतो. सुमारे ३२ अब्ज पॅरामीटर्सचे (मॉडेलने शिकलेल्या आकड्यांचे) मॉडेल चार बिटांत आवळले तरी साधारण २० जीबी जागा घेते, त्यामुळे १६ जीबीच्या कार्डात ते पूर्ण मावत नाही.

दुसरी पायरी : घरची वीज तपासणे

या पायरीवर घाई करू नये. दोन-अडीच लाखांचा संगणक इथे बिघडतो तो बहुधा विजेमुळेच, आणि विजेची तपासणी एका साध्या मल्टिमीटरने घरच्या घरी होते.

आपल्याकडे एकफेज पुरवठ्याचा दाब २३० व्होल्ट अपेक्षित असतो. ज्या गावांत गावठाण फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा झालेला नाही, तिथे रब्बीत कृषिपंप सुरू झाले की दाब १७०-१८० पर्यंत खाली येतो आणि पंप बंद झाले की एकदम वर चढतो. म्हणून सॉकेटवरचा दाब पहाटे, भर दुपारी आणि संध्याकाळी दिवे लागण्याच्या वेळी असा मोजावा, आणि आठवडाभर वहीत मांडावा. चांगल्या प्रतीचा एसएमपीएस, म्हणजे संगणकातला वीज पुरवणारा डबा, १०० ते २४० व्होल्टच्या पूर्ण पट्ट्यावर चालतो, त्यामुळे कमी दाबाने तो सहसा जळत नाही. मात्र तेवढीच वॅट मिळवण्यासाठी तो जास्त विद्युतप्रवाह ओढतो. ८०० वॅट घेणारे यंत्र २३० व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेते, तेच १६० व्होल्टवर पाच अँपिअर घेईल. घरातली वायरिंग जुनी आणि बारीक असेल तर हा फरक सॉकेट तापण्याच्या रूपाने हाताला कळतो. संगणकासाठी बोर्डापासून वेगळी, जाड तांब्याची लाईन ओढून घेणे आणि १६ अँपिअरचा सॉकेट बसवणे हा खर्च टाळू नये.

खरा धोका जास्त दाबाचा असतो. डीपीवरचा न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की काही घरांत दाब कोसळतो आणि काही घरांत तो ३००-३५० व्होल्टच्याही वर जातो, कारण दोन फेजमधला ४०० व्होल्टचा दाब त्या घरांत वाटला जातो. वादळानंतर एकाच आळीतले टीव्ही आणि फ्रिज एकदम बंद पडतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. यावर उपाय म्हणून मुख्य बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवावा; तो ठरवलेल्या मर्यादेपलीकडे, समजा २६० व्होल्टच्या वर, पुरवठा आपोआप तोडतो आणि दाब पूर्ववत झाल्यावर थोडा वेळ थांबून जोडतो. त्याच्या जोडीला विजेच्या कडकडाटातल्या लाटांसाठी सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस असावे.

यांपैकी सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगवर विसंबून असतो. आपल्याकडच्या काळ्या कापसाच्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, माती इलेक्ट्रोडपासून सुटते आणि पावसाळ्यात उत्तम असलेली अर्थिंग एप्रिल-मेमध्ये निकामी होते. अर्थिंग नसल्याची एक खूण सहज पाहता येते. संगणक चालू असताना कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला, उदाहरणार्थ मागच्या स्क्रूला, टेस्टर लावला की तो मंद पेटतो आणि बोटाचा मागचा भाग हलकेच फिरवला की झिणझिण्या जाणवतात. याचे कारण असे की एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटकडे एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो, नसेल तर कॅबिनेट साधारण निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते. हा प्रवाह अत्यल्प असतो, पण अशा अवस्थेत एचडीएमआय केबल दुसऱ्या उपकरणाला जोडताना पोर्ट जळू शकतो. दुकानदार याला यंत्राचा दोष समजून एसएमपीएस बदलून देतो आणि झिणझिण्या तशाच राहतात.

न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. अर्थिंगचा रोध वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्यावा. तो ५ ओहमच्या आत असावा असे सर्वसाधारणपणे मानले जाते. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून, वर पाण्यासाठी नळी ठेवून, मार्चपासून नियमित पाणी टाकत राहिले की बहुतेक घरांत काम भागते.

शेवटी वीजबिल हातात घ्यावे. त्यावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. जुन्या घरगुती जोडणीत तो एक किलोवॅटच्या आसपास आढळतो, आणि त्यात ८०० वॅटचा संगणक, खोलीतला कूलर, फ्रिज व पाण्याची मोटर एकाच वेळी बसत नाहीत. महावितरणकडे भार वाढवून घेण्याचा अर्ज घटकांच्या खरेदीपूर्वी करावा. वापराचाही अंदाज घ्यावा : ६०० वॅट दराने दिवसाला सहा तास म्हणजे महिन्याला १०८ युनिट. घरगुती दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांवर बदलतात, त्यामुळे एवढ्या वाढीने टप्प्यापलीकडची युनिट वरच्या दरात जाऊ शकतात. व्यवसायासाठी यंत्र वापरणाऱ्याने हा खर्च कामाच्या दरात धरावा.

तिसरी पायरी : खोली आणि उन्हाळा

अकोला, वर्धा, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि टिनाच्या किंवा पातळ स्लॅबच्या खोलीत दुपारी आतले तापमान ४० च्या वरच असते. प्रोसेसरचा कोणताही कूलर, हवेचा असो वा पाण्याचा, चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो केवळ चिप आणि हवा यांच्यातले अंतर कमी ठेवतो. एखाद्या जोडणीत पूर्ण भाराखाली चिप हवेपेक्षा ५० अंशांनी गरम राहत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत ती ७५ वर असते आणि ४३ अंशांच्या खोलीत ९३ वर. रायझन ९००० मालिकेतील वरच्या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. त्या मर्यादेला पोहोचले की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे महागड्या चिपचा वेग नेमका लग्नसराईत, काम सर्वाधिक असताना, हातचा जातो.

यंत्र जेवढी वीज घेते ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत पसरते, त्यामुळे ८०० वॅटचा संगणक म्हणजे हिवाळ्यातल्या रूम हीटरची एक कांडी दिवसभर लावून ठेवल्यासारखे आहे. एक टनाच्या वातानुकूलन यंत्राची थंड करण्याची क्षमता साधारण साडेतीन किलोवॅट असते, तिचा जवळपास चौथा हिस्सा एकटा संगणक खाईल.

बहुतेक घरांत वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर असतो. विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात तो उत्तम काम करतो आणि संगणकासाठीही उपयोगी आहे, परंतु त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येता कामा नये. झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, बोअरच्या पाण्यातले क्षार पंख्यांवर आणि बोर्डावर साचतात, आणि तिथे पुढे गंज धरतो. कूलर खिडकीत, यंत्र झोताच्या बाजूला आणि समोरची खिडकी हवा बाहेर जाण्यासाठी उघडी, अशी मांडणी ठेवावी. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता हातभर उंच मेजावर ठेवावे.

चौथी पायरी : ग्राफिक्स कार्ड

आता कार्डाकडे वळू. जानेवारी २०२५ मध्ये आलेले आरटीएक्स ५०९० हे ३२ जीबी व्हीरॅमचे कार्ड ५७५ वॅटपर्यंत वीज घेते आणि त्यासाठी एनव्हिडिया किमान १००० वॅटचा एसएमपीएस सुचवते. आरटीएक्स ५०८० ला १६ जीबी आणि ३६० वॅट, आरटीएक्स ५०७० टीआयला १६ जीबी आणि ३०० वॅट, तर मार्च २०२५ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ९०७० एक्सटीला १६ जीबी आणि ३०४ वॅट असे आकडे आहेत. वातानुकूलन नसलेल्या खोलीत ३०० ते ३६० वॅटच्या पुढचे कार्ड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ३२ जीबी व्हीरॅमची खरोखर गरज असलेल्या माणसाने ५०९० घ्यावे, पण त्याच अंदाजपत्रकात वातानुकूलन आणि मोठा यूपीएस धरावा. तेवढे पैसे नसतील तर ५०७० टीआय घेऊन उरलेली रक्कम विजेच्या बाजूला लावणे हिताचे.

कोणतेही कार्ड घेतले तरी उन्हाळ्यासाठी एक सोय लक्षात ठेवावी. कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून ८० टक्क्यांपर्यंत खाली आणता येते, आणि त्यामुळे कामाचा वेग सहसा दहा टक्क्यांच्या आतच घटतो. एप्रिल ते जूनसाठी अशी वेगळी मांडणी साठवून ठेवावी.

सोळा पिनांच्या वीजजोडणीविषयी सावधगिरी हवी. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० कार्डांचे हे जोड वितळल्याच्या तक्रारी आल्या, आणि अर्धवट बसलेला जोड हे त्यामागचे एक कारण आढळले. त्यानंतर सुधारित १२व्ही-२x६ जोड आला. जोड दाबताना तो खटकन बसल्याचे जाणवले पाहिजे, आणि बसल्यावर प्लग व सॉकेट यांच्यामध्ये फट दिसता कामा नये. बॅटरीच्या उजेडात बाजूने पाहून खात्री करावी. जोडापासून पहिले तीन-चार सेंटिमीटर केबल सरळ राहू द्यावी, कॅबिनेटच्या काचेने ती वाकत असेल तर कॅबिनेट रुंद घ्यावे.

पाचवी पायरी : प्रोसेसर आणि मदरबोर्ड

संपादन, रेंडरिंग आणि नकाशाच्या कामासाठी १६ कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स किंवा इंटेलचा २४ कोअरचा कोअर अल्ट्रा ९ २८५के, आणि केवळ गेमसाठी आठ कोअरचा रायझन ७ ९८००एक्सथ्रीडी, अशी सरळ विभागणी करता येते. ९८००एक्सथ्रीडीमध्ये जादा कॅश कोअरच्या खाली बसवलेली आहे. आधीच्या ७८००एक्सथ्रीडीमध्ये ती वर होती आणि उष्णता तिच्यातून यावी लागे. नव्या रचनेमुळे कोअर कूलरच्या जवळ आले, ही गोष्ट आपल्या हवामानात विशेष मोलाची आहे.

९९५०एक्सची टीडीपी (कंपनीने ठरवलेले वीज-उष्णतेचे माप) १७० वॅट लिहिलेली असली तरी तो पूर्ण भाराखाली त्याहून बरीच जास्त वीज घेऊ शकतो. २८५के २५० वॅटपर्यंत जातो. बायोसमधला (मदरबोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमधला) इको मोड लावून ९९५०एक्सला १०५ वॅटच्या गटात ठेवले की तो १४२ वॅटवर थांबतो, वेगातली घट बेताची असते आणि तापमान बरेच उतरते. मी उन्हाळ्यासाठीच नव्हे तर बाराही महिने हाच मोड सुचवतो. ज्यांची मुख्य अडचण ४:२:२ फाइल्स आहे आणि कार्ड जुनेच ठेवायचे आहे, त्यांनी इंटेलचा विचार करावा. वापरलेला १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला इंटेल प्रोसेसर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. जादा व्होल्टेजमुळे त्यांत अस्थिरता येत होती, २०२४ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती आली, पण आधी झालेली झीज दुरुस्तीने भरून निघत नाही.

मदरबोर्ड निवडताना रंगीत दिव्यांपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवर भक्कम धातूचे हीटसिंक असावे. प्रोसेसरविनाच बायोस अद्ययावत करणारे बायोस फ्लॅशबॅकचे बटण असावे, कारण दुसरा प्रोसेसर आणून बायोस अद्ययावत करण्याची सोय तालुक्याच्या गावी मिळत नाही. आणि दोष दाखवणारा दोन अंकी डिस्प्ले किंवा निदान चार डिबग दिवे असावेत. यंत्र सुरूच झाले नाही तर फोनवरून मार्गदर्शन करणाऱ्याला तो अंक सांगता येतो आणि अख्खे यंत्र नागपूरला नेण्याची वेळ टळते. रायझन प्रोसेसर बसवण्याचा एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, त्यामुळे पुढे केवळ प्रोसेसर बदलता येईल. त्यासाठीच्या मदरबोर्डांपैकी बी८५० प्रकारचा बहुतेकांना पुरतो. एक्स८७०ई तेव्हाच घ्यावा जेव्हा यूएसबी४ पोर्ट आणि तीन-चार एनव्हीएमई ड्राइव्हची (जलद एसएसडींची) गरज असेल. तरीही माहितीपुस्तिकेत एसएसडीच्या दुसऱ्या (एम.२) जागेमुळे ग्राफिक्स कार्डाच्या लेन, म्हणजे माहितीच्या वाटा, निम्म्या होतात का, हे आधी वाचावे.

सहावी पायरी : रॅम आणि साठवण

रॅमच्या दोनच पट्ट्या घ्याव्यात. रायझन ९००० ला दोन पट्ट्यांवर डीडीआर५-५६०० चा अधिकृत आधार आहे, चार पट्ट्या लावल्यावर तो ३६०० पर्यंत उतरतो. ६००० वेगाच्या, सीएल३० च्या (प्रतिसादातला विलंब दाखवणारा आकडा), एक्स्पो (जाहीर वेग बायोसमधून लावण्याची सोय) असलेल्या ३२ जीबीच्या दोन पट्ट्या हे संपादनासाठी योग्य माप आहे. जास्त हवी असेल तर ४८ जीबीच्या दोन घ्याव्यात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने चढले, म्हणून भाव घेतल्यावर खरेदी फार लांबवू नये.

एसएसडीमध्ये टीएलसी प्रकारची (एका कप्प्यात तीन बिट साठवणारी) आणि स्वतःची डीरॅम (तात्पुरती जलद स्मृती) असलेली निवडावी. चौथ्या पिढीची, म्हणजे जेन४ ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ७००० एमबी वाचते आणि संपादनाला तेवढे पुरेसे असते. जेन५ दुप्पट वेग देते खरी, पण तापतेही जास्त, आणि ४२ अंशांच्या खोलीत ती लवकर मंदावते. प्रणालीसाठी एक टीबी आणि चालू कामासाठी दोन टीबी अशा दोन वेगळ्या ड्राइव्ह ठेवाव्यात. झालेली लग्ने साठवायला हार्ड डिस्क घ्यावी, आणि प्रत्येक कामाची दुसरी प्रत यंत्राबाहेर असावी. कुणाच्या घरच्या लग्नाचे चित्रीकरण पुन्हा करता येत नाही.

सातवी पायरी : एसएमपीएस आणि यूपीएस

या दोन्ही वस्तू एकत्र निवडाव्यात. एक हिशेब मांडून पाहू. ५०७० टीआयचे ३०० वॅट, इको मोडमधल्या ९९५०एक्सचे १४२ वॅट आणि बाकी सगळ्याचे ८० वॅट मिळून ५२२ वॅट होतात. कार्ड क्षणभर आपल्या मर्यादेपेक्षा बरेच जास्त ओढते, म्हणून ८५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड दर्जाचा (कार्यक्षमतेचा शिक्का), एटीएक्स ३.१ या नव्या मानकाचा एसएमपीएस घ्यावा. त्याच्या माहितीपत्रकात पूर्ण क्षमता किती तापमानाला दिली आहे ते आवर्जून पाहावे. चांगल्या कंपन्या ५० अंश लिहितात. स्वस्त एसएमपीएसवर हा आकडा नसतो किंवा बराच कमी असतो, आणि कॅबिनेटच्या आत आपल्याकडे ५० अंश ही नेहमीची गोष्ट आहे. सात ते दहा वर्षांची हमी असलेलाच घ्यावा.

एसएमपीएसची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर वरचे यंत्र भिंतीतून सुमारे ५८० वॅट घेईल. यूपीएसवर व्हीए मोठ्या अक्षरात आणि वॅट बारीक अक्षरात लिहिलेले असतात. बाजारात १००० व्हीएचा म्हणून मिळणारा यूपीएस अनेकदा ६०० वॅटचाच असतो. या यंत्राला मॉनिटर आणि राउटर धरून किमान ९०० वॅटचा, शुद्ध साइन वेव्हचा (भिंतीवरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) यूपीएस हवा. चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (विद्युतप्रवाह दाबाच्या लहरीशी जुळवणारी रचना) असते आणि तिला चौकोनी लहरीचा यूपीएस अनेकदा मानवत नाही. मग वीज गेली त्या क्षणी यंत्र बंद पडू शकते, आणि यूपीएस असूनही उपयोग होत नाही.

जिथे दाब दिवसातून अनेकदा वरखाली होतो तिथे ऑनलाइन प्रकारचा यूपीएस घ्यावा, तो सतत स्वतः वीज तयार करून देतो आणि बदलाचा क्षणच उरत नाही. दाब बऱ्यापैकी स्थिर असेल तर लाइन-इंटरॅक्टिव्ह (वीज असेपर्यंत तीच पुढे देणारा आणि गेल्यावर बॅटरीवर वळणारा) पुरेसा आहे. घरच्या इनव्हर्टरवर एवढे यंत्र चालवू नये : पूर्ण भाराखाली एसएमपीएस पुरवठ्याविना साधारण १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो आणि इनव्हर्टरच्या साध्या मोडमध्ये बदलाला त्याहून जास्त वेळ लागतो. आणखी एक गोष्ट बॅटरीची. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांनी साधारण निम्मे होते, त्यामुळे यूपीएस खोलीतल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावा आणि बॅटरी दर दोन वर्षांनी बदलावी लागेल असे धरून चालावे. त्यातून मिळणारी पाच-दहा मिनिटे काम साठवून यंत्र नीट बंद करण्यासाठी आहेत.

गावात फायबरचे इंटरनेट असेल तर काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण त्याच्या डब्याला जोडलेला अॅडाप्टर आणि तिथून संगणकाकडे येणारी लॅन केबल मात्र वीज आणू शकते. तो डबाही त्याच यूपीएसवर ठेवावा आणि मृगाच्या आधीच्या गडगडाटात सगळे प्लग काढून ठेवावेत.

आठवी पायरी : कूलर, कॅबिनेट आणि धूळ

प्रोसेसरसाठी मोठा, दोन पंख्यांचा टॉवर हवाकूलर घ्यावा, ही माझी शिफारस आहे. ३६० मिलिमीटरचा पाण्याचा कूलर काही अंशांनी जास्त थंड ठेवतो हे खरे, परंतु त्याचा पंप बंद पडला की यंत्र वापरता येत नाही आणि बदली यायला आठवडे जातात. हवाकूलरचा पंखा बिघडला तर कोणताही १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा लावून काम पुढे चालते. इको मोडमधल्या १४२ वॅटसाठी हवा पुरेशी आहे. मोठे कूलर १६५ मिलिमीटरच्या आसपास उंच असतात, म्हणून कॅबिनेटमध्ये तेवढी जागा मोजून घ्यावी.

कॅबिनेट समोरून जाळीचे असावे, पुढे काच असलेले मुळीच घेऊ नये. आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवले की आत किंचित जादा दाब राहतो आणि हवा फटींतून न येता गाळणीतूनच येते. समोरची आणि खालची गाळणी हाताने ओढून काढता यावी. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरात साठवलेला असतो तेव्हा या गाळणीचे महत्त्व कळते : आठवडाभरात तिच्यावर पांढरा, लोकरीसारखा थर बसतो, तो फुंकून निघत नाही, बोटाने सोलून काढावा लागतो आणि काढल्याबरोबर तापमान काही अंशांनी उतरते. तुरीच्या मळणीच्या दिवसांत हाच थर तांबूस आणि बारीक असतो, तो ब्लोअरने जातो. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर वाऱ्याने गरगरून बेअरिंग खराब होते. मागच्या उघड्या जागा बंद ठेवाव्यात. पाल आत शिरून एसएमपीएसमध्ये अडकणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे.

नववी पायरी : खरेदी आणि वाहतूक

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत भाव करून घेता येतो, ऑनलाइन घेताना पिनकोडवर सेवा आहे का ते पाहावे लागते. दोन्हीकडे एक नियम पाळावा : प्रत्येक घटकाचे जीएसटी बिल अनुक्रमांकासह घ्यावे आणि हमी भारतातली आहे याची कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून खात्री करावी. चोरवाटेने आयात झालेले कार्ड स्वस्त पडते, पण दुरुस्तीच्या वेळी ते कुणीच घेत नाही. पार्सल उघडताना सलग चित्रफीत घ्यावी. एएम५ च्या पिना मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, म्हणून दुकानातच टोपण काढून, उजेडात तिरपे पाहून, एकही पिन वाकलेली नाही हे तपासावे आणि छायाचित्र काढून ठेवावे.

यंत्र शहरात जुळवून आणायचे असेल तर ग्राफिक्स कार्ड आणि हवाकूलर काढून त्यांच्या मूळ खोक्यांत वेगळे आणावेत. मोठा हवाकूलर सव्वा किलोच्या वर भरतो, मोठी कार्डे त्याहूनही जड असतात, आणि आपल्या रस्त्यांवर एसटीच्या डिक्कीत दोन-तीन तास हादरे बसले की मदरबोर्डाला तडा जाऊ शकतो. थर्मल पेस्टची (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या लेपाची) एक जादा नळी सोबत घ्यावी, कूलर पुन्हा बसवताना ती लागतेच.

दहावी पायरी : पहिल्या आठवड्यातील चाचणी

परत देण्याची मुदत थोडी असते, म्हणून यंत्र उभे राहिले की लगेच चाचण्या घ्याव्यात. पहिल्या रात्री एक्स्पो चालू करून रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ चालवावे. एकही चूक दिसली तर रॅम बदलून मागावी. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, खोलीतला कूलर बंद ठेवून, ओसीसीटीने प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर अर्धा तास एकत्र भार द्यावा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान पाहावे. खरेदी हिवाळ्यातली असेल तर खोलीचे तापमान मोजून, ते ४३ अंशांपासून जितके कमी असेल तितके अंश प्रत्येक आकड्यात मिळवावेत. बेरीज ९० च्या वर गेली तर वीजमर्यादा आत्ताच खाली आणावी किंवा पंख्यांची मांडणी बदलावी. याच भाराखाली सोळा पिनांचा जोड आणि भिंतीवरचा प्लग हाताने चाचपून पाहावा, कोमट चालेल, चटका बसता कामा नये. त्यानंतर सगळे काम साठवून, भार चालू असतानाच, यूपीएसच्या मागचा भिंतीवरचा स्विच बंद करावा. यंत्र न अडखळता चालू राहिले आणि यूपीएसने निदान पाच मिनिटे दिली तर जोडणी बरोबर आहे. ते क्षणात बंद पडले तर यूपीएस त्याच आठवड्यात, बिलासह, दुकानात परत न्यावा.